वय 82, किडनी कमजोर, त्यात बाबा पडले: रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवायची का?

तुमचा प्रश्न वाचला. असं एक तरी घर दर आठवड्याला माझ्या ओपीडीत येतं, म्हणून जरा लांबच लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी तुमची परिस्थिती मला कळली तशी परत मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. बाबा 82 वर्षांचे, वजन 54 किलो, बीपी आहे, शुगर नाही, स्टेंट-बायपास काही झालेलं नाही. सहा महिन्यांपूर्वी ईसीजीत ठोके अनियमित सापडले, एट्रियल फिब्रिलेशन म्हणाले, टू-डी इकोत झडपा ठीक. क्रिएटिनिन (किडनी कमी पडली की रक्तात वाढतं ते) 1.6, रिपोर्टवर खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, 43 छापलेला. हार्टच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी, अपिक्साबॅन 2.5, सकाळ-संध्याकाळ दिली. गावच्या फॅमिली डॉक्टरांची ॲस्पिरिन 75 दहा वर्षांपासून चालूच होती ती तशीच राहिली. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पाय घसरला, कपाळाला टेंगूळ आलं, आणि काका म्हणाले की रक्त पातळ केलंय, आता मेंदूत रक्तस्राव होईल, बंद करा ती गोळी. किडनीच्या डॉक्टरांनी फक्त "जपून" एवढंच सांगितलं. दहा दिवस झाले गोळी बंद आहे आणि तुम्ही विचारताय की परत चालू करू का, की ॲस्पिरिनवरच भागेल.

मी मेडिसिनचा एमडी, वीसेक वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतोय. बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा हे वाचून परस्पर गोळी चालू-बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांसमोर बसून काय विचारायचं ते यातून घ्या.

सगळ्यात आधी ते टेंगूळ. तुम्ही प्रश्नात ते ओझरतं लिहिलंय पण माझं लक्ष तिथेच अडकलं. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, कवटी आणि मेंदूच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, आणि डोक्याला साधा मार लागला तरी तिथून थेंब थेंब रक्त साचत राहतं. गंमत म्हणजे (गंमत कसली) हे त्या दिवशी कळत नाही. दोन-तीन आठवडे, कधी दीड महिना जातो आणि मग माणूस दिवसा जास्त झोपायला लागतो, चालताना एका बाजूला जातो, नावं विसरतो, डोकं जड आहे म्हणतो, आणि घरचे म्हणतात "वय झालं आता". बाबांना पडून महिना झालाय, सीटी केल्याचा तुमच्या लिहिण्यात उल्लेख नाही, पडले तेव्हा अंगात अपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन दोन्ही होत्या. मी असतो तर गोळी परत चालू करायच्या आधी डोक्याचा साधा सीटी करून घेतला असता, लक्षणं नसली तरी. साधा म्हणजे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता, त्यामुळे किडनीला काही त्रास नाही, पाच मिनिटांचं काम. आणि वर लिहिलेल्यातलं एक जरी लक्षण असेल तर हे उत्तर अर्धवट सोडा आणि आजच न्या.

सीटी स्वच्छ आला असं धरून पुढे लिहितो.

तुम्ही "चालू की बंद" असं विचारलंय, पण खरं बघायला गेलं तर तुमच्या घरात दोन भीत्यांचं भांडण चाललंय. एक भीती दिसते: पडले, रक्त आलं, गोळीमुळे झालं. दुसरी दिसत नाही. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, फिब्रिलेशनमध्ये तो कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो, मग त्या पिशवीत रक्त साकळतं, गुठळी होते आणि एक दिवस सुटून मेंदूत जाते. बाबा म्हणतात ना "मला तर काही होत नाही", बरोबर आहे, गुठळी तयार होताना काहीच होत नाही. आणि या गुठळीचा पॅरालिसिस बहुतेक वेळा मोठा असतो, बोटाला मुंग्या येऊन गेल्या असा प्रकार नसतो, अख्खी बाजू जाते, वाचा जाते.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका आजोबांची वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची जुनी गोळी, मी स्वतः बंद केली होती. वय 79, दोनदा पडलेले, मुलगा घाबरलेला आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलेलो. मुलाने माझे आभार मानले. पाच महिन्यांनी ते उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेल्या अवस्थेत आले आणि पुढे दोन वर्षं अंथरुणात होते. मला कोणीही, एकदासुद्धा, विचारलं नाही की डॉक्टर तुम्ही गोळी बंद केली होती ना. गोळीने रक्तस्राव झाला तर तो डॉक्टरने केला असं होतं, गोळी न दिल्याने पॅरालिसिस झाला तर ते नशीब. सगळा हिशेब इथेच वाकडा होतो, आमचाही आणि तुमच्या काकांचाही. काकांना दोष देत नाही, ते प्रेमापोटीच बोलतायत.

आता आकडे. आम्ही एक स्कोअर मोजतो, 75 च्या वर वयाचे 2, बीपीचा 1, शुगर, हार्ट फेल्युअर यांचा एकेक, आधी पॅरालिसिस झाला असेल तर 2 वगैरे. बाबांचे झाले 3. या स्कोअरला गोळी नसेल तर शंभर माणसांत वर्षाला साधारण तीन-चार जणांना पॅरालिसिस होतो. नीट डोसमध्ये रक्त पातळ करायची गोळी हा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी करते, म्हणजे तीन-चारचा एकावर येतो. वर्षाचा आकडा ऐकून लोक म्हणतात "एवढंच?" पण हा दर वर्षाचा आहे आणि तो वयाबरोबर चढत जातो.

आणि ॲस्पिरिन? ती या कामाची गोळीच नाही. ॲस्पिरिन प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींवर, काम करते, हार्ट अटॅकच्या गुठळीत प्लेटलेट मुख्य असतात, पण फिब्रिलेशनची गुठळी साचलेल्या रक्ताची असते, तिचा कारभार वेगळा. फायदा जेमतेम पाचव्या हिश्शाचा, तोही डळमळीत. लोकांना वाटतं की म्हाताऱ्या माणसाला निदान ॲस्पिरिन तरी सौम्य, पण तेच खोटं ठरलंय. 2007 मध्ये इंग्लंडमधली बाफ्टा नावाची चाचणी फक्त 75 च्या वरच्या माणसांवर होती, सरासरी वय 81 च्या पुढे, त्यात ॲस्पिरिनवाल्यांना वर्षाला 3.8 टक्के आणि वॉरफरिनवाल्यांना 1.8 टक्के असे पॅरालिसिसचे झटके आले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे साधारण सारखाच. मग 2011 मध्ये ॲव्हेरोझ चाचणीत वॉरफरिन झेपणार नाही अशा लोकांना अपिक्साबॅन किंवा ॲस्पिरिन दिली, झटके 3.7 वरून 1.6 वर आले आणि मोठा रक्तस्राव 1.4 विरुद्ध 1.2, म्हणजे जवळपास तेवढाच. म्हणजे ॲस्पिरिन देऊन आपण रक्तस्रावाची किंमत भरतो आणि हातात काही पडत नाही.

त्यातून बाबा तर दोन्ही घेत होते! स्टेंट नाही, अटॅक नाही, तरी ॲस्पिरिन "असू दे, चांगली असते" म्हणून दहा वर्षं. आता तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की बंद करायची गोळी बहुधा तीच आहे, आणि तुम्ही दुसरीच बंद करून बसलायत. फॅमिली डॉक्टरांना नम्रपणे विचारा की ही कशासाठी चालू आहे. कारण निघालं नाही तर गेली. (ज्यांना स्टेंट आहे त्यांचं वेगळं, तिथे सुरुवातीचे काही महिने दोन गोळ्या लागतात, पण वर्ष उलटल्यावर आणि सगळं स्थिर असताना बहुतेकांना एकटी रक्त पातळ करायची गोळी पुरते. 2019 ची जपानमधली अफायर चाचणी याच प्रश्नावर होती आणि दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले म्हणून मध्येच थांबवावी लागली. स्वतःहून मात्र स्टेंटवाल्याने ॲस्पिरिन सोडायची नाही.)

आता किडनी. लोकांना वाटतं किडनी बिघडली म्हणजे रक्त पातळ, म्हणून गोळी नको. दोन्ही बाजूंनी बिघडतं हो. किडनीच्या पेशंटमध्ये प्लेटलेट नीट काम करत नाहीत म्हणून रक्तस्राव जास्त, आणि गुठळ्याही जास्त. धोका दोन्हीकडचा वाढतो म्हणून निर्णय अवघड होतो, तो आपोआप "नको"कडे झुकत नाही. किडनीच्या डॉक्टरांचं ते "जपून" म्हणजे माझ्या मते डोस आणि तपासण्या जपून.

डोस किती ते ठरवताना एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे बरेच घोळ होतात. रिपोर्टवर ईजीएफआर 43 छापून येतो तो लॅबचा कॉम्प्युटर वय आणि क्रिएटिनिनवरून काढतो, माणसाचं वजन त्याला माहीतच नसतं. या गोळ्यांच्या चाचण्यांमध्ये मात्र जुनं 1976 चं सूत्र वापरलं होतं ज्यात वजन येतं. कागद घ्या आणि करून बघा: 140 मधून वय वजा, म्हणजे 58, त्याला वजनाने गुणा, 58 गुणिले 54 झाले 3132. खाली 72 गुणिले क्रिएटिनिन 1.6, म्हणजे 115.2. भागाकार येतो 27. (बाईमाणूस असेल तर याला 0.85 ने गुणायचं.) कुठे 43 आणि कुठे 27! बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन तयारच कमी होतं आणि 1.6 हा आकडा वाटतो त्यापेक्षा जास्त वाईट असतो. नुसतं क्रिएटिनिन बघून "थोडंसंच वाढलंय" म्हणणं हे पंचविशीतल्या पैलवानाला आणि 82 च्या बाबांना एकाच मापाचा शर्ट शिवण्यासारखं आहे.

हा 27 लक्षात ठेवा. अपिक्साबॅनची मोठी चाचणी, ॲरिस्टॉटल, 2011 ची, अठरा हजारांवर पेशंट, त्यात या सूत्राने 25 च्या खाली असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे बाबा अगदी उंबरठ्यावर आहेत, पण आत आहेत. 25 ते 30 मधले 269 जण त्या चाचणीत होते आणि त्यांच्यात वॉरफरिनपेक्षा अपिक्साबॅनवर मोठा रक्तस्राव बराच कमी झाला. लोक थोडे आहेत, मान्य, पण जे आहे ते आपल्या बाजूने आहे.

"अर्धाच डोस का दिलाय, मग उपयोग काय" असंही तुम्ही शेवटी विचारलंय. बाबांच्या बाबतीत तो बरोबर आहे. नियम असा की वय 80 किंवा जास्त, वजन 60 किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, यातल्या तीनपैकी दोन गोष्टी असतील तर 5 च्या ऐवजी 2.5, दिवसातून दोनदा. बाबांच्या तिन्ही आहेत. पण इथेच उलटी चूकही फार होते आणि मला तिचा जास्त राग येतो. माझ्याकडे एक गुरुजी आले होते, वय 74, वजन 72, क्रिएटिनिन 1.7, त्यांना 2.5 चालू होती कारण "किडनी आहे ना, मग कमी देऊ". तीनपैकी एकच गोष्ट लागू, त्यांना पूर्ण 5 हवी. भीतीपोटी दिलेला असा जुजबी डोस म्हणजे गोळी घेतल्याचं समाधान, रक्तस्रावाचा थोडाफार धोका, आणि संरक्षण मात्र अर्धवट. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी 2.5 चालू असेल तर ही तीन मापं एकदा मोजून बघा आणि दोन भरत नसतील तर डॉक्टरांना विचारा की का.

दुसरी कुठली गोळी चालेल का? डॅबिगॅट्रान जवळजवळ 80 टक्के किडनीवाटे बाहेर जाते, बाबांच्या 27 ला मी तिला हात लावणार नाही, युरोपात 30 च्या खाली ती द्यायचीच नाही असं आहे. रिव्हारॉक्साबॅनचा साधारण एक तृतीयांश भाग किडनीवाटे जातो, या किडनीला डोस 20 चा 15 करावा लागतो, आणि ती जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. अपिक्साबॅनचा चौथ्या हिश्शाच्या आसपास, म्हणून अशा पेशंटला आम्ही तिच्याकडे वळतो. पेटंट संपल्यापासून आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांची मिळते आणि भाव बराच उतरलाय, तरी महिन्याचं गणित जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. पैसे वाचवायला दोनच्या जागी एक गोळी घेणारे मी खूप पाहिलेत, आणि डॉक्टरला ते कधीच कळत नाही.

वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी ॲसिट्रॉम, या जुन्या गोळ्या वाईट नाहीत. स्वस्त आहेत, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) 2 ते 3 मध्ये राहिला तर काम चोख. अडचण अशी की किडनीच्या पेशंटचा आयएनआर उड्या मारतो, आणि दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यायला तालुक्याला कोण आणणार? पण दोन ठिकाणी जुनी गोळीच लागते, नवी चालत नाही: लोखंडी म्हणजे मेकॅनिकल झडप बसवलेली असेल तर, आणि लहानपणच्या संधिवाताच्या तापाने माइट्रल झडप मध्यम किंवा जास्त आवळलेली असेल तर. दुसरा प्रकार आपल्याकडे अजून भरपूर दिसतो. 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत भारतातलेही पेशंट होते आणि त्यात रिव्हारॉक्साबॅन घेणाऱ्यांपेक्षा जुन्या गोळीवाल्यांचं भलं झालं, मृत्यूही कमी. म्हणून झडपा ठीक असल्याचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. अजून एक, ज्यांची आजी वर्षानुवर्षं ॲसिट्रॉमवर सुखात आहे, आयएनआर स्थिर आहे, त्यांनी "नवीन चांगली असते" म्हणून बदलायची घाई करू नका. नेदरलँड्समध्ये थकलेल्या, हळव्या म्हाताऱ्या माणसांची जुनी गोळी बदलून नवी दिली तेव्हा (2023 मध्ये आलं ते) रक्तस्राव वाढलेला दिसला, कमी नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो, औषधांची पिशवी. माझ्याकडे या गोळीवरचा पेशंट आला की मी फाईल नंतर बघतो, आधी म्हणतो घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, आणि टेबलावर ओततो. मागे एका आजींच्या पिशवीतून अपिक्साबॅन निघाली, बीपीच्या दोन निघाल्या, आणि खाली वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या पिवळ्या-पांढऱ्या गोळ्या. "ह्या कसल्या?" तर "त्या होय, गुडघ्याच्या, मेडिकलवाल्याकडून आणते, त्या औषधात धरत नाही मी". डायक्लोफिनॅक! रोज एक, कधी दोन. हिमोग्लोबिन 11 वरून 7.8 झालेलं आणि घरचे दोष देतायत रक्त पातळ करणाऱ्या गोळीला. डायक्लो, ॲसेक्लो, ब्रुफेन या जातीच्या गोळ्या जठराला जखम करतात आणि किडनीही उतरवतात, किडनी उतरली की रक्त पातळ करणारी गोळी अंगात साचते, म्हणजे एकाच गोळीने दोन्हीकडून आग लागते. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल घ्या, शेक, पट्टा, वरून लावायचं मलम थोडंसं चालेल. कमरेत टोचून घेतलेलं "दुखण्याचं इंजेक्शन" हेही त्याच जातीचं असतं बरं का, ते कोणी मोजतच नाही.

पिशवीत अजून काय बघायचं: टीबीचं औषध रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, या अपिक्साबॅनचा असर मारून टाकतात. उलट बुरशीसाठीच्या इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोलसारख्या गोळ्या तिचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, आणि गजकर्णासाठी त्या आपल्याकडे सर्रास मिळतात. लेबल नसलेल्या पुड्या, "किडनी साफ करणारा" काढा, कोणीतरी आणून दिलेलं चूर्ण, हेही टेबलावर आलं पाहिजे, लाजायचं नाही, मी रागावत नाही (थोडा रागावतो). जेवणातल्या लसूण-हिंगाचं काही नाही. पालक-मेथीचं पथ्य ॲसिट्रॉमवाल्यांना, तेही बंद नाही, रोज साधारण सारखं खायचं एवढंच. अपिक्साबॅनला भाजीचं पथ्य नाही, बाबांना सुखाने मेथीची भाजी-भाकरी द्या.

पडण्याबद्दल. पडतात म्हणून गोळी नको हे मीसुद्धा एके काळी मानायचो, वर सांगितलंच. 1999 मध्ये काही डॉक्टरांनी हिशेब मांडला होता की वॉरफरिनवरच्या म्हाताऱ्या माणसाला वर्षातून सुमारे 295 वेळा पडावं लागेल, तेव्हा कुठे मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाचा धोका गोळीच्या फायद्यापेक्षा जड होईल. तो कागदावरचा हिशेब आहे, तुमच्या बाबांना तो जसाच्या तसा लावू नका, पण अंदाज येतो. मी गोळी काढण्यापेक्षा पडणं काढायच्या मागे लागतो. बाथरूमला धरायला दांडा, रबरी चटई, रात्री एक दिवा चालू, संडासाला जाताना धोतर-लुंगी पायात न येईल अशी. बीपीची गोळी जास्त होतेय का ते उभं करून बीपी मोजून बघायला सांगा, झोपून 140 आणि उभं राहिल्यावर 105 असे कितीतरी निघतात, तो "पाय घसरला" मुळात घसरलेला नसतोच, घेरी आलेली असते. रात्री लघवीला चारदा उठवणारी पाण्याची गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी करता येईल का तेही विचारा.

तर या आठवड्यात करायचं काय: सीटी, तो ठीक असेल तर डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी संध्याकाळपासून अपिक्साबॅन 2.5 परत, ॲस्पिरिनचा निकाल, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन नवीन, आणि औषधांची पिशवी. दहा दिवस बंद होती म्हणून सुरुवातीला डबल वगैरे काही घ्यायची नाही. या गोळीचा असर एक-दोन दिवसांत उतरतो आणि घेतल्यावर तीन-चार तासांत परत येतो, म्हणजे हे दहा दिवस बाबा उघडेच फिरतायत असं समजा. ॲसिट्रॉमला एखादी गोळी चुकली तर थोडं निभावतं, हिला निभावत नाही. सकाळची विसरली आणि दुपारी आठवली तर तेव्हाच घ्या, पण थेट संध्याकाळीच आठवली तर एकच घ्यायची, दोन नाही.

पुढची तपासणी किती दिवसांनी याला एक सोपा ठोकताळा आहे, तो वरचा 27 दहाने भागा, जवळपास तितक्या महिन्यांनी क्रिएटिनिन. म्हणजे बाबांचं दर अडीच-तीन महिन्यांनी, वर्षातून एकदा नाही. आणि मधेच जुलाब-उलट्या लागल्या, ताप आला, खाणंपिणं सुटलं तर लगेच. आमच्याकडे दरवर्षी दोनदा अशी गर्दी होते, एकदा एप्रिल-मेच्या लग्नांत, उन्हात मांडवात बसून पाणी न प्यायलेली म्हातारी मंडळी, आणि एकदा आषाढी एकादशीच्या आगेमागे, निर्जळी उपास आणि वर पाण्याची गोळीही घेतलेली. क्रिएटिनिन 1.6 चं 2.6 व्हायला तीन दिवस पुरतात. उपासाला माझा विरोध नाही पण 82 व्या वर्षी विठोबा पाणी पिऊन केलेला उपास मान्य करत असावा.

लक्ष कशावर ठेवायचं: डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी (लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण ती चिकट नसते), लघवीत रक्त, न थांबणारा नाकाचा घोळणा, अचानक डोकेदुखी, वाढता दम आणि फिकेपणा. यातलं काही दिसलं तर वाट बघत बसू नका. हातावर निळे डाग, दात घासताना थोडं रक्त, हे चालतं, डॉक्टरांना पुढच्या वेळी सांगा पण गोळी बंद करू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सहसा ती बंद करावी लागत नाही, दात काढायला फार तर त्या दिवशी सकाळची मागेपुढे. मोठ्या ऑपरेशनला बंद करावी लागते, आणि किडनी अशी असेल तर दोनाऐवजी तीन दिवस आधी, ते भूलतज्ज्ञ आणि डॉक्टर मिळून ठरवतील. "ऑपरेशनसाठी बंद केली" आणि मग चालू करायला सगळेच विसरले, असे पॅरालिसिस मी दोन पाहिलेत, त्यामुळे बंद करताना चालू करायची तारीख तिथेच लिहून घ्या.

मी कधीच गोळी काढत नाही असं नाही. पोटातून परत परत रक्तस्राव होतोय आणि जागा सापडत नाही, मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन गेलाय, हिमोग्लोबिन टिकतच नाही, किंवा माणूस शेवटच्या काही महिन्यांत आहे, ओळखत नाही, घास गिळत नाही, तिथे मी घरच्यांशी बोलून काढतो आणि त्याचं ओझं मनावर घेत नाही. डायलिसिसवर गेलेल्यांत तर आम्हा डॉक्टरांतच एकमत नाही, तिथल्या चाचण्या लहान झाल्यात, त्यामुळे माणूस बघून ठरतं, काहींना हृदयातली ती पिशवीच आतून बुजवायचं उपकरण बसवतात, पण तो मोठ्या शहराचा आणि मोठ्या खर्चाचा विषय झाला. बाबा यातल्या कुठल्याच गटात नाहीत. स्वतःच्या पायाने बाथरूमला जातात, काकांशी वाद घालतात, म्हणजे वाचवण्यासारखं पुष्कळ आहे.

एक राहिलंच. ते 54 किलो कधीचं आहे? कारण आजारपणात या वयात चार-पाच किलो कधी जातात कळतही नाही, आणि जुनंच वजन फाईलवरून फाईलवर उतरत राहतं. समजा आज 48 भरले तर वरचा 27 उतरून 24 होतो, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या त्या 25 च्या उंबरठ्याबाहेर. गोळी तरी 2.5 चीच राहील बहुधा, पण मग तपासणी दर दोन महिन्यांनी आणि किडनीच्या डॉक्टरांशी परत एकदा बोलणं आलं. तेव्हा सीटीला न्याल तेव्हा तिथल्याच काट्यावर उभे करा, चप्पल काढून, आणि तो आकडा आणि नवीन क्रिएटिनिन दोन्ही इथे टाका, मी परत मोजून देतो.